अंतरपाट दोनदा पडला

मी तरुण होते तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे साठ वर्षांची होते. हसायचं असेल तर हसून घ्या. आज सत्तरीजवळ येऊन मागे बघितलं की ती साठ वर्षांची बाई मला चक्क पोट्टी दिसते. केसांना नवी मेंदी, पायात गुलाबी पट्ट्यांचे बूट, आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा. तिला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत असं मला फार वेळा वाटतं. पण ती ऐकणार नाही. तिच्या कानांवर हेडफोन आहे.

ती नुकतीच बिजली ऑफिसातून रिटायर झाली होती. बिलाच्या खिडकीमागे तिनं जन्म काढला. खिडकीबाहेर रांग, रांगेत भांडणं, आणि आत ही राणीसारखी. रिटायर झाल्यावर तिनं आधी घरातले सगळे डबे घासले, मग शेजारणीचे मागितले. सकाळी दहा वाजले की उगाच पर्स शोधायची. आता आपली कुठेच कुणी वाट बघत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं, आणि मुळीच आवडलं नाही.

त्याच सुमाराला आमच्या सूनबाईचं काम जोरात चाललं होतं. आम्ही छत्तीसगढात राहणारे मराठी. सून इथलीच, छत्तीसगढी, माहेर ह्याच शहरातल्या गुढियारीचं. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत येतं. शंकर नगरला एका दुकानाच्या वर तिचं ऑफिस. लग्नं, मुंजी, सत्कार, जे असेल ते चार कॅमेऱ्यांनी टिपायचं, तिथल्या तिथे जोडायचं आणि मांडवातल्या मोठ्या एलईडी स्क्रीनवर दाखवायचं. ज्यांना येणं जमलं नाही त्यांना मोबाइलवर दिसायचं. माझा मुलगा बँकेत. ह्या धंद्यात त्याचा हुद्दा एवढाच की रविवारी वायरी गुंडाळायच्या.

ह्या सगळ्या सामानाचा जीव एका डब्यात होता. त्याला स्विचर म्हणतात. पोळपाटाहून थोडा मोठा. त्याच्यावर बटणांच्या दोन ओळी. एका ओळीत ज्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागेल तो सगळ्या जगाला दिसतो. दुसऱ्या ओळीत ज्याचा हिरवा लागेल तो पुढं यायचा असतो, तो तूर्त फक्त आपल्याला दिसतो. त्यासाठी समोर दोन छोटे पडदे. आणि उजव्या हाताला एक आडवा दांडा. तो ओढला की हिरव्यातलं चित्र लालमध्ये जातं. कसं जायचं ते आपण ठरवायचं. टचकन गेलं तर कट. साखरेसारखं विरघळत गेलं तर डिझॉल्व्ह. आणि एक चित्र दुसऱ्याला पुसत गेलं, फळ्यावर ओलं फडकं फिरवावं तसं, तर वाइप.

वाइप! इथं ती पोट्टी पागल झाली.

झालं असं की स्विचरवर बसणारा ऑपरेटर ऐन सीझनमध्ये कावीळ होऊन पडला. सूनबाई फोनवर फोन करून राहिली होती, आणि मी तिच्यापुढं चहा ठेवता ठेवता म्हटलं, "मी बसते."

"आई, ये बिजली का बिल नहीं है."

"बिलाच्या खिडकीवर चार माणसं एकदम बोलत. चौघांचं ऐकून मी पाचव्याचं बिल काढत होते. हे तर कॅमेरे आहेत. हे बिचारे बोलत पण नाहीत."

ती हसली. हसली म्हणजे फसली.

खोटा नम्रपणा कशाला, हात पटकन बसला माझा. कानाला हेडफोन, ओठांपाशी छोटा माइक. "दोन नंबर भैया, जरा नवरदेवाच्या आजीकडे बघा. बघा, डोळे पुसून राहिली. तिथंच थांबा." आणि दोन नंबर भैया खरंच थांबायचे. चांगले मिशाळ, संसारी बाप्ये, पण मी बोलल्याशिवाय कॅमेरा तसूभर वळवायचे नाहीत. सकाळी दहाला जिला कुणी विचारत नव्हतं, तिच्या तोंडाकडं संध्याकाळी सहाला चार माणसं बघत होती. त्या खुर्चीत काय सुख होतं, ते मला विचारा.

तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण त्या डब्यात वाइपचे इतके प्रकार भरलेले होते! चांदणी. बदाम. खिडकीच्या झडपा. घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरणारा. कोपऱ्यातून तिरका येणारा. शिवाय त्याची कड जाड करता येते, कडेला रंग देता येतो. साड्यांच्या दुकानात बसल्यासारखी मी एकेक उलगडत सुटले. मुंजीत भिक्षावळ चालली होती. बटू आईपुढं वाकला, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात चांदणी फुटून मधून कढई घेतलेला आचारी बाहेर आला. एका साहेबांच्या सत्काराला मी भाषणात सारखा घड्याळाचा काटा फिरवला. साहेबांनी मागं वळून स्क्रीनकडे पाहिलं, आपल्याला वेळ संपल्याचं सांगून राहिले असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. त्याबद्दल मात्र बऱ्याच लोकांनी येऊन माझा हात हातात घेतला.

शेवटी एका श्रद्धांजलीच्या सभेत दिवंगत काकांच्या हार घातलेल्या फोटोवरून मी वक्त्यांवर गेले. गुलाबी कडेच्या बदामातून. काका बदामात लहान लहान होत मावळले. पहिल्या रांगेतल्या काकू रडायच्या थांबून स्क्रीनकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा सूनबाईनं केला. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

"आई, एक बात. शनिवार की शादी में सिर्फ कट. बहुत हुआ तो डिझॉल्व्ह. एक भी वाइप दिखा ना, तो वो ऑपरेटर ठीक हो गया है. उसको बुला लूँगी. फिर आप घर पे आराम करना."

"मले धमकी देऊन राहिली का तू?"

"हव," ती म्हणाली.

एरवी आमच्याकडे दिवसातून शंभर वेळा 'हव' होतं. भाजी आणली का, हव. पाणी आलं का, हव. ह्या 'हव'मध्ये मात्र हसू नव्हतं. घर पे आराम! मला ती पर्स आठवली, आणि ते घासून चकचकीत झालेले डबे. मी म्हटलं, "एक पण नाही. तुझी शपथ."

"मेरी क्यूँ? अपनी खाओ."

शनिवारचं लग्न शहराबाहेरच्या एका लॉनवर होतं. नवरी आपल्यातली. तिचे आजोबा रेल्वेच्या नोकरीनं विदर्भातून इथं आले ते इथलेच झाले. नवरदेव अभनपूरकडचा, छत्तीसगढी, मोठी शेती. आधी आपल्या पद्धतीनं गोरज मुहूर्तावर लग्न, मग त्यांच्या पद्धतीनं भांवर, म्हणजे फेरे, असं ठरलेलं. अभनपूरहून दोन बस भरून वऱ्हाड आलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांनी अंतरपाट जन्मात पाहिला नव्हता.

माझं टेबल गेटजवळ, छोट्या मांडवाखाली. एका बाजूला बँडवाले, दुसऱ्या बाजूला जेवणाचे काउंटर. स्टेज पार तिकडच्या टोकाला. इथून ते काडेपेटीएवढं दिसायचं. म्हणून आमची मोठी स्क्रीन गेटसमोर लावली होती. नवरीचे मामा फेटा सावरत आले तेव्हा बँडमास्तरनं त्यांना गाठलं.

"मामाजी, बाजा कब बजाना है?"

"वो बीच में कपड़ा पकड़ेंगे ना, पर्दा? वो गिरा कि बजाना. दुल्हा-दुल्हन एक-दूसरे को देखेंगे, हार डालेंगे."

"यहाँ से तो कुछ दिखता नहीं."

"अरे, इत्ती बड़ी स्क्रीन काहून लावली मग? उसमें देखो."

तिथंच अभनपूरचे एक काका उभे होते, पांढरं धोतर, खांद्यावर गमछा. त्यांनी विचारलं, "और खाना?"

मामा घाईत होते. "पर्दा गिरा कि खाना!" म्हणाले आणि पळाले.

पर्दा गिरा कि खाना. हे वाक्य दोन्ही बसच्या माणसांत माझ्यादेखत पसरलं. सगळ्यांनी खुर्च्या स्क्रीनच्या बाजूला वळवल्या. हे सगळं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी त्या साठ वर्षांच्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण तिथं आधीच दुसरं काहीतरी शिरून बसलं होतं.

सांगते काय ते. तीन नंबर भैयानं कॅमेरा अंतरपाटावर नेला होता. पांढरं शुभ्र कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. माझ्या छोट्या पडद्यावर ते कापड काठोकाठ भरलं, आणि मला एकदम दिसलं. हाच तर वाइप! आपल्या बापजाद्यांनी लग्नात घालून ठेवलेला. वरून खाली येणारा वाइप लावायचा, त्याची कड जाड करायची आणि तिला हळदीचा पिवळा रंग द्यायचा, काठासारखा. मग दांडा ओढला की कापड खाली, खाली जाईल, आणि त्याच्यामागून नवरीचा चेहरा उगवेल. अगदी त्या क्षणाला, खऱ्या कापडाबरोबर. सूनबाईला हे सुचणंच शक्य नव्हतं. त्यांच्याकडे कुठं असतो अंतरपाट?

शपथ आठवली. नाही असं नाही. पण मी माझ्याशीच वकिली केली. शपथ बदामाची होती, चांदणीची होती. हा वाइप नाही, हा संस्कार आहे.

सूनबाई स्टेजपाशी होती, तिच्याही कानांवर हेडफोन. ती काही माझा डबा बघायला येणार नव्हती. मी गुपचूप वरून खाली जाणारा प्रकार निवडला, पिवळा रंग लावला, कड जाड केली.

मंगलाष्टकं सुरू झाली. वऱ्हाडाला प्रत्येक सावधानला अक्षता टाकायची मौज वाटत होती, त्यामुळे पहिल्या दोन कडव्यांतच निम्म्यांच्या अक्षता संपल्या. मुहूर्ताला वेळ होता, म्हणून गुरुजींनी नवरीच्या आत्याला खूण केली, की अजून म्हणा. आत्याला तेवढंच पाहिजे होतं. तिनं डोळे मिटून वरची पट्टी लावली आणि तिथून खाली यायचं नाव घेईना.

आणि मला वाटलं, मिळालेल्या वेळात एक तालीम करून घ्यावी.

त्या डब्याला एक बटण असतं. ते दाबून दांडा ओढला की वाइप फक्त आपल्या छोट्या पडद्यावर होतो, लोकांना दिसत नाही. ते मी दाबलं. म्हणजे त्याच्या शेजारचं दाबलं. चष्मा डोक्यावर होता. केसांना मेंदी लावल्यापासून तो तिथंच असायचा, फॅशन म्हणून.

मी दांडा हळूच ओढू लागले. काय सांगू! पिवळा काठ वरून निघाला, मागून मुंडावळ्या दिसल्या, मग नवरीच्या भुवया, मग खाली झुकलेले डोळे. स्वस्तिक बुडत बुडत गेलं. शेवटी तिचे ओठ, जरासं हसू दाबलेले. "वा बाई," मी स्वतःला म्हटलं. "वा!"

आणि बँड वाजला.

बँड वाजला, त्यापाठोपाठ गेटबाहेर फटाक्यांची लड लागली, आणि दोन बसची माणसं एकदम उठून काउंटरकडे निघाली. स्टेजवर अंतरपाटाचं एक टोक मामांच्या हातात होतं, दुसरं गुरुजींच्या. मामांच्या डोक्यात त्या दिवशी एकच वायर जोडलेली होती, पर्दा आणि बाजा. बाजा वाजला म्हणजे पर्दा पडायलाच पाहिजे. त्यांनी टोक सोडून दिलं. गुरुजींनी सोडलं नाही. कापड एका बाजूनं खाली आणि एका बाजूनं वर, असं तिरकं लोंबलं. तसाही वाइप माझ्या डब्यात होता, पण तो विचार तेव्हा आवरला.

त्या तिरक्या फटीतून नवरा-नवरीनं एकमेकांना पाहिलं.

"हो गया?" नवरदेवानं विचारलं. सूनबाईच्या माइकमधून मला सगळं ऐकू येत होतं.

"मुझे क्या पता?" नवरी म्हणाली, आणि दोघंही खांदे हलवून हसायला लागले.

"धरा! अहो धरा!" गुरुजी ओरडत होते. "मुहूर्त व्हायचा आहे!"

"मग बाजा काहून वाजून राहिला?" मामा.

आत्या गातच होती. डोळे मिटलेले.

माझ्या कानात सूनबाईचा आवाज आला, अगदी हळू. "आई. स्क्रीन पर अभी क्या गया?"

"अंतरपाट."

"वो तो यहाँ है. किसने गिराया?"

मी चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि बटणावरची अक्षरं वाचली. तालमीचं बटण त्याच्या शेजारी होतं.

"आई, किसने?"

"मी."

"हाय ददा!" मग लगेच, "स्टेज पे कट मारो. जल्दी. इनको दिखाओ कि नहीं हुआ है."

मी कट मारला. स्क्रीनवर स्टेज आलं. लोंबतं कापड, हात वर केलेले गुरुजी आणि हसून हसून वाकलेले नवरा-नवरी. बँडवाल्यांना वाटलं, आनंदाला नुसता ऊत आला आहे. त्यांनी चाल बदलून नाचायची लावली. काउंटरवर पुऱ्या सुटायला लागल्या. सूनबाईचा एक माणूस गेटकडे धावला, पण समोरून जेवायला येणाऱ्या गर्दीत तो कुठं अडकला ते दिसेना. मी उभी राहून ओरडले, "भैया, बंद करो!" बँडमास्तरनं माझ्याकडे बघून मान डोलावली आणि ढोल आणखी जोरात वाजवायला लावला. आजीबाई खूश झालेली दिसते, असं वाटलं असेल त्याला.

मुहूर्त चुकला असता, तर त्या घराला ते आयुष्यभर खुपलं असतं. आणि माझी खुर्ची तर गेल्यातच जमा होती. म्हणजे आता घाबरण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. तेव्हा कुठं डोकं चाललं. ही माणसं माझं ऐकत नाहीत. गुरुजींचं ऐकत नाहीत. ही फक्त स्क्रीनचं ऐकतात.

मी परत नवरीच्या चेहऱ्यावर आले. तीन नंबर भैयाला म्हटलं, "कापडाचं जे टोक गुरुजींच्या हातात आहे, तेवढंच भरून दाखवा. बाकी काही नको." मग वाइप उलटा फिरवायचं बटण दाबलं, ह्या वेळी दोनदा वाचून, आणि दांडा ढकलला.

स्क्रीनवर अंतरपाट खालून वर चढायला लागला. पिवळा काठ नवरीच्या हनुवटीवर आला, ओठांवर आला, डोळ्यांवर आला, आणि मुंडावळ्यांसकट ती झाकली गेली.

आधी पिपाणी अर्ध्या सुरात थांबली. ढोलवाल्यानं एकट्यानंच दोन-चार ठोके दिले, इकडंतिकडं पाहिलं आणि तोही थांबला. काउंटरपाशी अभनपूरचे काका हातात पुरी घेऊन स्क्रीनकडे बघत होते.

"अरे! परदा तो फेर चढ़ गे!"

सगळी गर्दी थबकली. मग एकानं ताटली खाली ठेवली, त्याचं बघून दुसऱ्यानं. उचललेली जिलबी परत ताटात ठेवणारा एक सज्जन मी चार नंबरवर स्वतः पाहिला. माणसं खुर्च्यांवर येऊन बसली. स्टेजवर मामांनी टोक धरलं, ह्या वेळी दोन्ही हातांनी. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. वेळ होता अजून. थोडासा होता, पण होता.

आत्याचं कडवं संपलं. तिनं डोळे उघडले. बघते तो सगळं जिथल्या तिथं. मधे काय होऊन गेलं, ते तिला घरी व्हिडिओ आल्यावरच कळलं.

शेवटचं कडवं गुरुजींनी स्वतः धरलं. तेवढ्यात बँडमास्तर घाम पुसत माझ्या टेबलापाशी आला. "अम्माजी, अब जो सही वाला गिरेगा, तभी बजाऊँगा. स्क्रीन पे गिराना. वैसा ही, पीला वाला. बाकी मैं किसी की नहीं सुनूँगा."

आता झाली का पंचाईत. मला हुकूम कटचा. मी खरंच, अगदी शहाण्या मुलीसारखी, दांड्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला होता. बँडमास्तरचं बोलणं माझ्या माइकमधून सूनबाईलाही ऐकू गेलं होतं. 

"आई."

"हो."

"कट से ये लोग नहीं मानेंगे."

"नाही मानणार."

"तो?"

"मी काय सांगू बाप्पा? मी तर ऑपरेटर. तू सांगशील तसं."

तिकडे गुरुजींचा आवाज चढत होता.

"वाइप," ती म्हणाली.

"कोणता लावू? बदाम आहे, चांदणी आहे..."

"आई!"

"बरं बरं. पिवळा."

"मैं बोलूँगी तब. उससे पहले हाथ मत लगाना. मैं यहाँ से देख रही हूँ."

मग मी छोट्या पडद्यांकडे बघितलंच नाही. डोळे मिटले, आत्यासारखे. सूनबाई स्टेजच्या पायरीवर उभी राहून कापडाकडे बघत होती, आणि माझा हात इकडे दांड्यावर होता. "गुरुजी ने घड़ी देखी," ती सांगत होती. "मामाजी ने पकड़ा है, ठीक से पकड़ा है. रुको. रुको, आई. अभी नहीं." सावधानचा शेवटचा लांब सूर लागला. "छोड़ रहे हैं... छोड़ा!"

मी दांडा ओढला. पटकन नाही, हळूही नाही. साधारण कापड सोडलं की ते जसं येतं तसा. डोळे उघडले तेव्हा काठ स्क्रीनच्या खाली बुडत होता आणि वर दोघांचे चेहरे होते. एका कॅमेऱ्यात दोघं घ्यायला सूनबाईनं दोन नंबर भैयाला कधी सांगून ठेवलं, कोण जाणे. अक्षता संपलेल्यांनी गेंद्याच्या, म्हणजे झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. बँड वाजला. ह्या वेळी काकांनी सुद्धा आधी मागं वळून बँडमास्तरला विचारलं, "पक्का?"

"पक्का," तो म्हणाला, आणि मग लोक जेवायला गेले.

भांवर वगैरे सगळं कटवर झालं. एक बोट मी वाकडं टाकलं नाही. मग माणसं वायरी गोळा करायला लागली, आणि मी हेडफोनची तार नीट गुंडाळून तो डब्याशेजारी ठेवला. चष्म्याच्या काचा पुसल्या. साठ वर्षांची ती पोट्टी तेव्हा फार साधी दिसत असेल. मेंदी लावलेली, पण साधी.

सूनबाई आली आणि सामानाच्या पेटीवर बसली. हेडफोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"वो उल्टा वाला," ती म्हणाली. "ऊपर चढ़ाने वाला. वो किसने सिखाया आपको?"

"कुणी नाही. बिलात चुकीचा आकडा गेला की रांगेशी भांडत बसायचं नसतं. उलटी एंट्री मारायची, गिऱ्हाइकापुढं परत बरोबर आकडा ठेवायचा. जन्मभर तेच केलं."

तिनं मान खाली घातली. मग तिच्या नाकातून काहीतरी आवाज आला. मला वाटलं रडते. तर ती हसून राहिली होती. "जलेबी वापस रख दी उसने," एवढंच तिला म्हणता आलं, आणि ती पेटीवरून घसरून खाली सतरंजीवर बसली. मग मीही. आम्हाला बघून माझा मुलगा वायरींचं भेंडोळं घेऊन आला, दोघींकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेला. पोरगा समजूतदार आहे.

डोळे पुसून सूनबाईनं तो हेडफोन उचलला आणि माझ्या गळ्यात घातला.

"कुर्सी आपकी. लेकिन डंडे को हाथ, मुझसे पूछे बिना नहीं. समझीं?"

"हव," मी म्हटलं.

पुढच्या सीझनला अभनपूरहून फोन आला. त्याच नवरदेवाच्या धाकट्या भावाचं लग्न. मुलगी तिकडचीच, दोन्ही घरं छत्तीसगढी, अंतरपाटाचा काही संबंध नाही. फोन काकांचा होता, आणि सूनबाईनं स्पीकरवर ठेवला होता. त्यांना तो पर्दा पाहिजे होता.

"काका, आपके यहाँ तो पर्दा होता नहीं," सूनबाई म्हणाली.

"नहीं होता तो क्या, अच्छा लगा हमको. पिछले साल जैसा ही करना. दो बार."

"दो बार?"

"हाँ. हम सबको पता है अब. मराठी मन के बिहाव म परदा दू बेर गिरथे."

मराठी लोकांच्या लग्नात म्हणे पर्दा दोनदा पडतो! सूनबाईनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा नीट डोळ्यांवर घेऊन वाटाणे सोलत होते. ही गोष्ट तेव्हाच दुरुस्त करता आली असती. एक वाक्य पुरलं असतं. पण आमच्या दोघींपैकी कुणीच ते बोललं नाही, आणि आता अभनपूरकडे दोन-तीन घरांत पर्दा दोनदा पडतो. पहिल्यांदा पडला की सगळे हसतात आणि कुणी उठत नाही. दुसऱ्यांदा पडला की जेवण.

सूनबाईला विचारल्याशिवाय मी अजूनही दांड्याला हात लावत नाही. कधी आधी विचारते, कधी नंतर.